बादली कोरडी आहे? दुसरं भोक पाडण्याआधी हे तपासा

मार्च उजाडला की मला जे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांत एकच प्रश्न असतो. "ताई, तोटी लावून चार दिवस झाले, थेंबसुद्धा नाही. दुसऱ्या बाजूला भोक पाडू का?" प्रश्न असतो मेपलच्या रसाचा: खोडात भोक पाडून, तोटी ठोकून तो बादलीत जमवतात आणि आटवून त्याचं गोड सिरप करतात. आम्ही कॅनडात, दक्षिण ऑन्टारिओत, वॉटर्लूच्या जवळ राहतो. आमच्या परसात तीन शुगर मेपल आहेत, शेजारच्या आजोबांकडे पाच. ही आठ झाडं आणि ओळखीतल्या दहाबारा घरांची झाडं, असं मिळून गेले बारा हंगाम मी हे एकच दुखणं बघत आले आहे. प्रत्येक वेळी माझं पहिलं उत्तर तेच असतं: ड्रिल घरात ठेवा.

मेपलला पाडलेलं भोक ही जखम आहे. बाहेरून ती एकदोन वर्षांत बुजते, पण आतलं लाकूड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. झाड त्या जागेभोवती भिंत घालतं आणि तेवढा भाग कायमचा सोडून देतं. रस का थांबला हे न समजता पाडलेलं दुसरं भोकही बहुतेक वेळा कोरडंच राहतं, आणि झाडाला मात्र दोन जखमा होतात. म्हणून आधी फुकटात होणाऱ्या तपासण्या करा, मग स्वस्तातल्या, आणि झाडाला हात लावायचाच असेल तर तो सगळ्यात शेवटी.

आधी लक्षण ओळखा

कोणत्या बादल्या कोरड्या आहेत, हे आधी बघा.

सगळ्याच झाडांच्या बादल्या एकाच वेळी कोरड्या असतील, तर कारण जवळजवळ नक्कीच हवामान.

एकच कोरडी आणि शेजारची भरते आहे, तर दोष त्या तोटीत, त्या भोकात किंवा त्या झाडात.

बादली रिकामी, पण तोटीखालची साल ओली आणि काळपट दिसते, तर रस येतो आहे आणि बाहेरून ओघळून जातो आहे.

तीनचार आठवडे छान चाललं आणि मग धार हळूहळू बारीक होत थांबली, तर भोक आतून बंद होत आलं आहे किंवा हंगाम संपत आला आहे.

बादलीऐवजी नळी लावली असेल आणि नळीत रस दिसत असूनही डबा रिकामा असेल, तर नळीतच कुठेतरी अडथळा आहे.

आणखी एक लक्षण आहे, जे खरं म्हणजे दुखणं नाहीच. "रस येत नाही, नुसतं पाणी गळतंय," असं मला दरवर्षी कोणीतरी सांगतं. ते पाणी म्हणजेच मेपलचा रस. आपल्या डोळ्यांसमोर उसाचा रस असतो, त्यात साखर साधारण पंधरा टक्के असते. मेपलच्या रसात ती साधारण २ टक्के. तो दिसतो पाण्यासारखा, लागतोही जवळपास पाण्यासारखा, नीट चव घेतली तर किंचित गोड. म्हणूनच १ लिटर सिरपसाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. हे न कळल्यामुळे एका कुटुंबाने दोन दिवसांचा रस बर्फात ओतून दिला होता.

पहिली तपासणी: गेल्या तीन दिवसांचं तापमान

याला पैसा लागत नाही, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात. मागच्या तीन रात्रींचं किमान आणि तीन दिवसांचं कमाल तापमान कागदावर लिहा. रात्री उणे ५ आणि दिवसा ५ अंश सेल्सियसच्या आसपास, हे उत्तम. शून्य अंशाची रेषा रोज खालून वर आणि वरून खाली ओलांडली गेली पाहिजे.

मेपलच्या लाकडाची रचना वेगळी आहे. रस ज्या वाहिन्यांतून जातो त्यांच्याभोवतीचे तंतू पोकळ असतात आणि त्यांत हवा भरलेली असते. रात्री गारठा पडला की रस त्या पोकळ्यांकडे ओढला जाऊन तिथे गोठतो आणि आतली हवा दाबली जाते. या ओढीमुळे मुळांकडून आणखी पाणी खोडात चढतं. दिवसा बर्फ वितळतो, दाबलेली हवा पसरते आणि रसाला ढकलते. कुठे भोक असेल तर रस तिथून बाहेर पडतो. म्हणजे रात्री झाड भरतं आणि दिवसा वाहतं. यातली एक बाजू जरी चुकली तरी बादली कोरडी राहते.

ती चुकण्याचे दोन प्रकार मी पुन्हापुन्हा बघते. पहिला असा की दिवस सुंदर, ८-१० अंशांचे, आणि रात्रीही शून्याच्या वर. लोकांना वाटतं, ऊब आली म्हणजे रस जास्त येणार. पहिल्या दिवशी येतोही. मग झाडाला पुन्हा भरायला रात्रच मिळत नाही आणि दोनतीन दिवसांत धार आटते. अशा वेळी गारठ्याची वाट बघायची, दुसरा उपाय नाही. दुसरा प्रकार याच्या उलट. आठवडाभर उणे १० ते १५ राहिलेलं, आणि मग एका दुपारी पारा ३ वर जातो. आपल्याला बाहेर ऊब जाणवते, पण जाड खोड आतपर्यंत गोठलेलं असतं. ते सैल व्हायला एक दुपार पुरत नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या उबदार दिवशी ते झाड धो-धो वाहताना मी पाहिलं आहे.

वेळही बघा. सकाळी आठला बादलीत डोकावून निराश होऊ नका, दुपारी दोन-तीनला बघा. भोक उत्तरेकडे असेल तर दक्षिणेकडच्या तोटीपेक्षा ते उशिरा सुरू होतं. तो दोष नव्हे. चांगल्या दिवशी एका तोटीतून चारपाच लिटर रस येतो आणि दुसऱ्या दिवशी शून्य. हा चढउतार धरूनच एका तोटीमागे हंगामाचे ४० लिटर होतात.

तारखेवर मात्र विसंबू नका. इथून जवळच एल्मायराला १९६५ पासून मेपल सिरपचा महोत्सव भरतो, मार्चच्या शेवटी किंवा एप्रिलच्या सुरुवातीला. तो बघून आल्यावर उत्साहाने तोट्या लावणारी मंडळी दरवर्षी भेटतात. आमच्या भागात तोवर रसाचा मोठा काळ बहुतेकदा सरलेला असतो, महोत्सवात मिळतं ते आधीच्या आठवड्यांत आटवलेलं सिरप. युरोपातून लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून अनिशिनाबे लोक इथे मेपलचा रस घेत आले आहेत. एप्रिलच्या सुमाराच्या महिन्याला ते 'इस्किगमिझिगे-गीझिस' म्हणतात, म्हणजे रस आटवण्याचा चंद्र. जे काम चालू असेल त्याचं नाव महिन्याला देणारी माणसं आधी झाडाकडे आणि आभाळाकडे बघत असणार, असं मला वाटतं. आम्ही फेब्रुवारीच्या मध्यापासून दहा दिवसांचा अंदाज रोज बघतो आणि सलग तीनचार दिवस शून्याची रेषा ओलांडली जाणार असं दिसलं की तोट्या लावतो.

दुसरी तपासणी: झाड मेपलच आहे ना, आणि पुरेसं जाड आहे ना

फेब्रुवारीत पानं नसतात, त्यामुळे चूक सहज होते. एका घरी तर ॲशच्या झाडाला दोन तोट्या लावलेल्या होत्या. मेपलच्या फांद्या आणि डोळे, म्हणजे फांदीवरचे न उमललेले कोंब, समोरासमोर जोडीने येतात. ॲशचंही तसंच असतं, म्हणून एवढ्या एका खुणेवर थांबू नका. शुगर मेपलचा डोळा तपकिरी, बारीक आणि टोकदार असतो. रेड मेपलचा लालसर आणि बोथट. नॉर्वे मेपल इथल्या रस्त्यांच्या कडेला भरपूर लावलेला आहे, त्याचा डोळा फुगीर, हिरवट-जांभळा. रेड, सिल्व्हर आणि नॉर्वे मेपलांतूनही रस निघतो, पण त्यात साखर सहसा कमी असते आणि डोळे लवकर फुगत असल्याने रेड आणि सिल्व्हरचा हंगाम लवकर संपतो. उन्हाळ्यातच पानं बघून झाडाला सुतळी बांधून ठेवा, म्हणजे हा गोंधळ कायमचा मिटेल.

मग शिवणकामाची टेप घ्या आणि छातीच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर, खोडाचा घेर मोजा. घेर ८० सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे व्यास २५ पेक्षा कमी असेल, तर त्या झाडाला तोटी लावायचीच नाही. लावली असेल तर काढा. त्याला मोठं होऊ द्या. घेर साधारण १४० सेंटिमीटरपर्यंत असेल तर एकच तोटी. त्यापुढच्या निरोगी झाडाला फार तर दोन.

तिसरी तपासणी: बादली, झाकण, नळी

बादलीचं काम सोपं, तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. भोक पडलं आहे का आणि ती तोटीच्या आकड्यावर सरळ बसली आहे का, एवढंच बघा. तिरकी बसली तर थेंब काठावरून बाहेर जातात.

नळीचं तसं नाही. तोटीपासून डब्यापर्यंत नळी सतत उताराला हवी. मध्ये झोळ पडला की रात्री तिथे रस साचून गोठतो आणि दुपारी झाड वाहायला लागलं तरी नळीत बर्फाची गुठळी अडून असते. सावलीतला झोळ तर दुपारी चारपर्यंत सुटत नाही. नळी ताणून बांधा किंवा आखूड करा. दुसरी चूक डब्याच्या झाकणाची. नळी घट्ट बसेल एवढंच भोक पाडलेलं असतं, आतली हवा बाहेर जायला वाट नसते. रस आत यायचा तर हवेने जागा सोडायला हवी. झाकणाला खिळ्याने एक बारीक छिद्र पाडलं की काम होतं. मी हे छिद्र पाडून तीन घरांचे डबे सुरू केले आहेत.

नळीवर दातांच्या खुणा दिसल्या तर खारीने चावलं आहे. तेवढा तुकडा बदला. चिकटपट्टी ओल्या नळीवर टिकत नाही आणि तिचा डिंक रसात जाऊ नये.

चौथी तपासणी: तोटीभोवतीची गळती

तोटीखालची साल ओली असेल तर हातोडीने तोटीला हलकेच एकदोनदा ठोका. कान द्या. सैल तोटीचा आवाज पोकळ येतो, नीट बसल्यावर तो भरीव, टणक होतो. आवाज बदलला की थांबा. आणखी दोन घाव घातले तर लाकूड उभं चिरतं, आणि एकदा चीर पडली की त्या हंगामात ती गळती थांबत नाही. कडक गोठलेल्या झाडाला तोटी ठोकली तरी असंच चिरतं. म्हणून आम्ही शून्याच्या वरच्या दुपारीच ठोकतो.

ठोकूनही गळत असेल तर मापं पडताळा. जुन्या धातूच्या तोट्या बहुधा ७/१६ इंची (सुमारे ११ मिलिमीटर) असतात, नव्या ५/१६ इंची (सुमारे ८ मिलिमीटर). जुन्या मापाचं भोक आणि नवी तोटी अशी जोडी झाली तर ती कधीच घट्ट बसणार नाही. माप बरोबर असूनही गळती असेल तर ड्रिल करताना हात हलून भोक लंबगोल झालेलं असतं. अशा वेळी मोठ्या मापाची तोटी कोंबू नका. ओघळ वाया जातो तेवढा जाऊ द्या आणि पुढच्या वर्षी नवं, तीक्ष्ण बिट वापरा.

पाचवी तपासणी: भोक काय सांगतं

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि शेजारचं झाड वाहत असताना हे एकच गप्प असेल, तरच भोकाकडे वळा. ड्रिल करताना निघालेला भुसा कसा होता, ते आठवा. फिकट, दुधाळ, ओलसर भुसा म्हणजे जिवंत लाकूड. तपकिरी, कोरडा भुसा म्हणजे तुम्ही झाडाने सोडून दिलेल्या भागात शिरला आहात, तिथून रस येणार नाही. बहुतेक वेळा हा जुन्या भोकाचा डाग असतो. तो रुंदीला थोडा असला तरी भोकाच्या वर-खाली लांबवर पसरलेला असतो. त्यामुळे जुन्या भोकाच्या सरळ वर किंवा सरळ खाली कधी जाऊ नका. बाजूला सरका आणि उंचीही बदला. आम्ही दरवर्षी निदान एक वीत बाजूला जातो.

खोलीही मोजा. सालीच्या आतल्या लाकडात ४ ते ५ सेंटिमीटर हवी. म्हाताऱ्या झाडाची साल दोन सेंटिमीटरही जाड असते आणि ती हिशेबात धरली नाही तर भोक उथळ राहतं. तोटी काढून टॉर्चने आत बघा. भुसा दाबून बसला असेल तर स्वच्छ पाण्याची बारीक पिचकारी मारून तो काढा. तोंडाने फुंकू नका, तोंडातले जंतू थेट जखमेत जातात.

आता ज्या प्रश्नापासून सुरुवात झाली, त्याचं उत्तर. भोक तपकिरी लाकडात गेलं आहे हे नक्की झालं असेल, हंगाम नुकताच सुरू असेल आणि झाडाचा घेर दोन तोट्यांएवढा असेल, तरच दूरच्या निरोगी बाजूला एक नवं भोक पाडा. तीनही गोष्टी जुळल्या पाहिजेत. घेर कमी असेल तर या वर्षी त्या झाडाला सोडा.

आधी वाहत होतं, मग थांबलं

हा प्रश्न वेगळा आहे, आणि इथे आपल्याकडचे लोक एक विशिष्ट चूक करतात. मीही पहिल्या वर्षी ती करणार होते. माझं बालपण वेंगुर्ल्याचं. तिकडे आणि गोव्यात माडाची सूर, म्हणजे माडी, काढणारा रेंदेर रोज झाडावर चढून पोयीचं, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचं, टोक कोयत्याने पातळ छाटतो. नवा काप दिला नाही तर माडाचा रस थांबतो. तेच डोक्यात असल्यामुळे मला वाटलं, मेपलचं भोकही ड्रिलने थोडं खरवडून ताजं करावं. शेजारच्या आजोबांनी हात धरून थांबवलं.

फरक असा आहे. रेंदेर जी पोय कापतो ती तशीही झडणार असते. मेपलचं भोक खोडात असतं आणि ते खोड झाडाला आणखी शंभर वर्षं वापरायचं असतं. भोक पडल्या दिवसापासून त्यात जीवाणू आणि यीस्ट वाढतात, झाड आपल्या वाहिन्या आतून बंद करत जातं. साधारण सहा आठवड्यांत धार आपोआप आटते. ऊब लवकर आली तर त्याआधीच. भोक खरवडून मोठं केलं तर एकदोन दिवस थोडा रस येईल, पण झाडाला त्याहून मोठा भाग सोडून द्यावा लागेल.

या दुखण्यावर उपाय पुढच्या हंगामाच्या आधी करायचा असतो: दरवर्षी नवी प्लास्टिकची तोटी, किंवा धातूची असेल तर घासून, पाण्यात उकळून घेतलेली. काही डॉलरांच्या या खर्चाने आमचा हंगाम सगळ्यात जास्त लांबला. जुन्या लोकांकडून कधीकधी भोकात टाकायच्या गोळ्यांबद्दल ऐकायला मिळतं. त्या पॅराफॉर्मल्डिहाइडच्या असत, त्यांनी झाड आतून कुजायचं. त्यांच्यावर बंदी आहे. कोणाच्या गोदामात जुना डबा सापडला तरी वापरू नका.

रस पिवळट दिसू लागला, आटवताना कोबी शिजल्यासारखा वास येऊ लागला आणि डोळे फुगलेले दिसले, तर हंगाम संपला. त्या रसाचं सिरप कितीही आटवलं तरी चांगलं होत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर तोटी काढून घ्या आणि प्रमाणपत्र असलेल्या आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांची तपासणी आणि निगा करणाऱ्या तज्ज्ञाला, बोलवा. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरचं प्रमाणपत्र आहे का, हे विचारून घ्या. बुंध्याशी किंवा खोडावर कडक, फळीसारखी बुरशी उगवली आहे. खोडाला लांब उभी चीर आहे किंवा मोठ्या भागाची साल सुटली आहे. मागच्या उन्हाळ्यात शेंड्याच्या फांद्या वाळल्या होत्या किंवा पानं नेहमीपेक्षा बारीक होती. वेगवेगळ्या बाजूंना भोक पाडूनही भुसा तपकिरीच येतो. हे आतून पोखरलेल्या झाडाचं लक्षण असू शकतं, आणि असं झाड घरावर किंवा अंगणात खेळणाऱ्या मुलांवर पडू शकतं. इथे रसाचा विचार बाजूला ठेवा. विजेच्या तारांजवळची फांदी स्वतः कापायला तर मुळीच जाऊ नका.

खोडावर पेन्सिल आत जाईल एवढी, सुमारे १ सेंटिमीटरची गोल भोकं दिसली तर फोटो काढा आणि कॅनेडियन फूड इन्स्पेक्शन एजन्सीला कळवा; झाडांच्या किडींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था तीच. आशियाई लांब शिंगांचा भुंगेरा अशी भोकं पाडून बाहेर पडतो आणि मेपल हे त्याचं आवडतं झाड आहे. २००३ मध्ये तो टोरोंटो आणि व्हॉनच्या हद्दीवर सापडला होता, नंतर मिसिसागात. हजारो झाडं तोडावी लागली, तेव्हा कुठे २०२० मध्ये त्याचा नायनाट झाल्याचं जाहीर झालं. तुमच्या झाडावर दुसराच किडा असण्याची शक्यता जास्त, पण ते ठरवणं त्यांचं काम आहे.

आणि झाड फुटपाथ आणि रस्त्याच्या मधल्या पट्टीत असेल तर ते बहुधा नगरपालिकेचं असतं. तुमच्या दारासमोर असलं तरी तोटी लावण्याआधी तिथे विचारा.

हंगाम संपल्यावर तोट्या हलक्या हाताने, सरळ ओढून काढा. भोकात बूच, मेण, रंग काहीही भरू नका. ते उघडं राहिलं की झाड स्वतः कडेने बंद करत आणतं. तोटी आत तुटली तर कोरून काढायचा प्रयत्न करू नका, तशीच राहू द्या. पण त्या जागेची नोंद ठेवा, पुढे कधी करवत चालवणाऱ्याला ते सांगावं लागेल. आमच्या स्वयंपाकघरात एक वही आहे, प्रत्येक झाडाला एक पान. त्यावर खोडाचं वर्तुळ काढलेलं, दर वर्षीच्या भोकाची दिशा, जमिनीपासूनची उंची आणि भुशाचा रंग. परवा एका मैत्रिणीची बादली कोरडी होती, तेव्हा तिच्या वहीतलं २०२२ चं पान उघडलं आणि दिसलं, या वर्षीचं भोक बरोबर त्याच्या दोन बोटं वर होतं.